दंतवैद्याचा दिवस



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी काहींनी जिभेने आपली दाढ चाचपून पाहिली असेल. तिला मी हात लावणार नाही. मी दंतवैद्य नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे. पण हा विषय मला सुचला तो एका दाढेमुळेच, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात माझी एक दाढ ठणकू लागली. नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिले आणि म्हणाले, "हिचे मूळ वाकडे आहे. हे काम तज्ज्ञाचे. ते आमच्याकडे गुरुवारी येतात." गुरुवारी रात्री आठला मला बोलावले होते, खुर्चीवर बसलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. तज्ज्ञ म्हणजे पस्तिशीचा एक हसतमुख तरुण. काम त्याने इतके सफाईने केले की मला एक डुलकी लागली. शेवटी तो उभा राहिला, कमरेवर हात ठेवून मागे वाकला, आणि मदतनीस मुलीला म्हणाला, "आता डबा उघडू या." तो त्याचा दुपारचा डबा होता. मी विचारले, "घरी मुले आहेत?" तो म्हणाला, "एक मुलगी आहे. ती मला रविवारी पाहते. म्हणजे ज्या रविवारी शिबिर किंवा अभ्यासवर्ग नसेल त्या रविवारी."

हे वाक्य तो विनोदाने बोलला होता. माझ्या मनात मात्र ते सलत राहिले. इतरांचे दुखणे दूर करणाऱ्या या माणसाच्या पोटाची, पाठीची आणि पोरीची वेळ कोणी खाल्ली? ती त्याने स्वतः गमावली, गरजेने हिरावली, की त्याच्या व्यवसायाच्या घडणीतच काही वाकडे आहे? या प्रश्नाचे उत्तर मी ज्या शास्त्रात शोधू शकतो, त्यातच शोधले. ते शास्त्र म्हणजे इतिहास. त्यात जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

विश्रांतीचा इतिहास म्हटला म्हणजे महाराष्ट्रात एक नाव प्रथम घ्यावे लागते, ते नारायण मेघाजी लोखंडे यांचे. मुंबईच्या गिरणी कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी सभा भरविल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षे हा प्रश्न धरून ठेवला. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे स्वतंत्र भारतात १९४८ चा कारखान्यांचा कायदा झाला आणि प्रौढ कामगाराकडून दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेऊ नये, असे ठरले.

त्याच १९४८ साली आपल्याकडे आणखी एक कायदा झाला, तो दंतवैद्यांचा. दात काढण्याचा व भरण्याचा अधिकार कोणाला आहे, नोंदणी कोणी करावी, शिक्षण कसे असावे, हे त्या कायद्याने सांगितले. किती तास काम करावे हे सांगितले नाही. सांगण्याचे कारणही नव्हते. कारखान्यात मालक एक आणि कामगार दुसरा. दवाखान्यात मालकही तोच आणि कामगारही तोच. गिरणी कामगाराला लोखंडे मिळाले. पण जो आपणच आपला धनी आहे, त्याच्यासाठी रविवार कोणाकडून मागून आणायचा? आजच्या व्याख्यानाचा सारा पेच या एका प्रश्नात आहे.

आता आपण तीनशे वर्षे मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दात काढणारा माणूस जत्रेत, चौकात किंवा पुलावर उभा राही. तेथील 'पों नफ' नावाच्या पुलावर ग्राँ तोमा नावाचा एक धिप्पाड दातकाढ्या प्रसिद्ध होता. रंगीबेरंगी पोशाख, मोठा आवाज आणि भोवती बघ्यांची गर्दी. या माणसाचा दिवस उजेडाबरोबर सुरू होई आणि उजेडाबरोबर संपे. दाढ उपटली की त्याचा रोग्याशी संबंध तुटला. दुसऱ्या दिवशी रोग्याचे काय झाले, ही चिंता त्याला झोपू देत नसे असे म्हणण्यास काही आधार नाही.

त्याच पॅरिसमध्ये त्याच काळात पियेर फोशार हा गृहस्थ काम करीत होता. १७२८ साली त्याने दंतवैद्यकावर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्या दिवसापासून दातकाढ्यांच्या धंद्याचे शास्त्र झाले. त्या ग्रंथातील एक बारीकशी गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच्या आधीची रीत अशी की रोग्याला जमिनीवर बसवावयाचे आणि त्याचे डोके आपल्या गुडघ्यांत धरावयाचे. फोशारने ही रीत त्याज्य ठरविली. रोग्याला हातांच्या खुर्चीत बसवावे, त्याचे डोके टेकलेले असावे आणि वैद्याने शेजारी उभे राहावे, असे त्याने सांगितले. यात रोग्याचा मान होता आणि सोयही होती.

पण येथे एक सूक्ष्म अदलाबदल झाली. रोगी बसला आणि वैद्य उभा राहिला. आणि तो जो उभा राहिला तो पुढे दोनशेहून अधिक वर्षे उभाच राहिला! पूर्ण मागे आडवी होणारी दंतवैद्याची खुर्ची बाजारात आली ती १९५८ साली, आणि वैद्याने स्टुलावर बसून, शेजारी मदतनीस घेऊन, चार हातांनी काम करावयाची रीत रूढ झाली ती त्यानंतरच्या दशकात. रोग्याच्या खुर्चीत या दोनशे वर्षांत गादी आली, उशी आली, वरखाली करण्याची कळ आली. वैद्याच्या पाठीचा विचार सर्वांत शेवटी झाला. आणि तो केला नाही म्हणून वैद्यांना दोष देता येत नाही, कारण फोशारपासून त्यांना एकच धडा मिळाला होता : पाहावयाचे ते रोग्याकडे.

एकोणिसाव्या शतकात यंत्रे आली. किडलेला दात कोरण्याचे काम पूर्वी हाताने, बोटांत हत्यार फिरवून करावे लागे. वॉशिंग्टनचा दंतवैद्य जॉन ग्रीनवुड याने १७९० च्या सुमारास आपल्या आईच्या सूत कातण्याच्या चाकाला कोरणी जोडून पायाने चालणारे यंत्र केल्याचे सांगतात. १८७१ साली अमेरिकेत मॉरिसन याने पायाने चालविण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि ते कारखान्यात तयार होऊन दवाखान्यादवाखान्यांत गेले. शिंपी जसा पायाने यंत्र चालवितो, तसा दंतवैद्य एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाने चाक फिरवू लागला. वरचा हात मात्र केसाइतकाही हलता उपयोगी नाही! त्याच दशकात विजेवर चालणारे यंत्र आले. १९५७ साली हवेच्या झोताने मिनिटाला तीन लाखांपर्यंत फेरे घेणारे यंत्र आले, ज्याची शीळ ऐकली की आपण सर्वजण खुर्चीचे हात घट्ट धरतो.

आता साधा हिशेब असा की ज्या कामाला पूर्वी एक तास लागे त्याला वीस मिनिटे लागू लागली, तर वैद्याचे चाळीस मिनिटे वाचली पाहिजेत. ती गेली कुठे? ती वैद्याला मिळाली नाहीत. ती आणखी दोन रोग्यांना मिळाली. यात वाईट काही नाही. दुखणाऱ्या दाढा अनंत आहेत आणि वैद्य मोजके आहेत. पण यंत्र आले म्हणजे फुरसत आपोआप येते, हा जो आपला भाबडा समज आहे, तो इतिहासाला मान्य नाही. वेळ वाचविणे आणि वाचलेला वेळ स्वतःसाठी राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट यंत्र करते. दुसरी माणसाला ठरवून करावी लागते.

यंत्राने साधले नाही ते विशेषज्ञतेने साधेल, असा दुसरा विचार पुढे आला. सर्व दातांचे सर्व रोग एकाने पाहण्याऐवजी एकेकाने एकेक काम घ्यावे. या विचाराचा आद्य पुरुष एडवर्ड अँगल. १८५५ साली पेनसिल्व्हेनियात तो जन्मला, १८७८ साली दंतवैद्य झाला, आणि थोड्याच वर्षांत छातीच्या विकाराने खंगला. हवापालट म्हणून तो मोंटानाच्या उघड्या माळावर गेला आणि त्याने चक्क मेंढ्या पाळल्या. एका भयंकर हिवाळ्यात मेंढ्या दगावल्या आणि मेंढपाळ झालेला हा दंतवैद्य पुन्हा आपल्या हत्यारांकडे परतला. परतल्यावर त्याने विचार केला की आपल्याला ज्यात खरा रस आहे तेवढेच करावे. वेडेवाकडे दात सरळ करणे, एवढेच काम १८९२ पासून त्याने ठेवले. बाकीचे रोगी इतरांकडे पाठविले. १८९९ साली त्याने दातांच्या वाकडेपणाचे जे वर्गीकरण केले ते आजही विद्यार्थी पाठ करतात. १९०० साली सेंट लुईस येथे त्याने या एकाच विषयाची शाळा काढली.

अँगलच्या या निर्णयात एक मर्म आहे. दात वाकडे असल्याने कोणी मध्यरात्री कळवळत येत नाही. हे काम ठरलेल्या वेळी, ठरलेल्या गतीने, महिनोन् महिने चालते. म्हणजे विशेषज्ञ होण्यात ज्ञानाची खोली होती, तशीच दिवसावर ताबा मिळविण्याची वाटही होती. पण स्वभावापुढे औषध नाही. ज्याने काम कमी केले तो त्या कमी कामात अधिकच बुडाला. शाळा, शिष्य, वादविवाद, नवनवी उपकरणे यांत अँगलचे आयुष्य गेले. प्रकृतीसाठी तो गाव बदलीत पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेला आणि शाळा त्याच्यामागून गावोगाव फिरली. त्याची पत्नी अ‍ॅना ही स्वतः दंतवैद्य होती आणि त्या शाळेचा कारभार तिने सांभाळला. हे घर आणि ही शाळा यांत भिंत कुठे होती हे सांगणे कठीण आहे. १९३० साली तो वारला. तो सुखी नव्हता असे मी म्हणणार नाही. कामातच ज्याचे सुख आहे अशा माणसाला आपण तोल शिकवू नये. मात्र प्रत्येक दंतवैद्य अँगल नसतो, आणि प्रत्येकाकडून अँगलची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

आता मी ज्या माणसाकडे येतो त्याची कथा मला या सर्व इतिहासात सर्वांत अधिक चटका लावून गेली. त्याचे नाव चार्ल्स एडमंड केल्स. तो न्यू ऑर्लीन्स शहरी राहत असे. १८५६ चा त्याचा जन्म. कल्पक, उद्योगी आणि हाताचा कसबी. दंतवैद्याने एकट्याने सर्व कामे करू नयेत हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांपैकी तो एक. १८८५ साली त्याने आपल्या दवाखान्यात मदतनीस म्हणून एका तरुण स्त्रीला नेमले. तिचे नाव मॅल्विना क्वेरिया. दवाखान्यात बाई हजर आहे हे पाहून शहरातील स्त्रिया नवऱ्याला किंवा भावाला बरोबर न घेता उपचारासाठी येऊ लागल्या. एका नेमणुकीने वैद्याचे हात मोकळे झाले आणि स्त्रियांचे पायही मोकळे झाले. अमेरिकेतच पुढे १९१३ साली आल्फ्रेड फोन्स याने आपल्या मोटारीच्या गॅरेजमध्ये दातांची निगा राखणाऱ्या सेविकांची शाळा काढली आणि १९२१ साली न्यूझीलंडने शाळकरी मुलांच्या दातांसाठी परिचारिका तयार करावयास घेतल्या. काम वाटून घेतल्याखेरीज कोणाचाच दिवस आटोपशीर होत नाही, हा धडा असा हळूहळू गिरविला गेला.

पण ज्या केल्सने दवाखान्यातील ओझे वाटून दिले, त्याने एक ओझे स्वतःकडेच ठेवले. १८९५ च्या अखेरीस जर्मनीत राँटगेन याने क्ष-किरणांचा शोध लावला. काही आठवड्यांतच ऑटो वाल्खोफ याने स्वतःच्या दातांचा क्ष-किरण फोटो काढला. त्यासाठी तो पंचवीस मिनिटे निश्चल पडून राहिला. १८९६ मध्येच केल्सने अमेरिकेत ही विद्या दंतवैद्यकात आणली. दाताच्या मुळाशी काय चालले आहे हे आता दिसू लागले. अंदाजाने दाढ उपटण्याचे दिवस सरले. आपल्या दवाखान्यात आज जो इवलासा फोटो दोन क्षणांत निघतो, त्याची वाट अशा माणसांनी तुडविली आहे.

त्या काळी किरणांची नळी नीट लावली आहे की नाही हे पाहावयाची रीत अशी की स्वतःचाच हात तिच्यासमोर धरावयाचा आणि त्याची हाडे स्पष्ट दिसतात का ते बघावयाचे. रोग्याच्या तोंडातील फिल्मही पुष्कळदा वैद्यच बोटाने धरी. केल्सने हे वर्षानुवर्षे केले, रोज केले. धोक्याची सूचना नव्हती असे नाही. बॉस्टन येथील विल्यम रोलिन्स या दंतवैद्यानेच १९०१ साली प्रयोगाने दाखविले होते की या किरणांनी गिनीपिगांचा जीव जातो, म्हणून शिशाचा आडोसा वापरावा. पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही. रोगी रांगेत होते. आजचा दिवस निभला, उद्याही निभेल.

निभले नाही. केल्सच्या हाताला कर्करोग झाला. प्रथम बोटे गेली, मग हात गेला, मग दंड गेला. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. या यातनांतच १९२५ साली त्याने दवाखाना कसा चालवावा यावर एक ग्रंथ लिहिला आणि १९२६ साली आपल्या व्यवसायातील आठवणींचा. १९२८ च्या मे महिन्यात, वेदना असह्य होऊन, त्याने स्वतःच आपले आयुष्य संपविले.

श्रोतेहो, येथे मी थोडा थांबतो. केल्सला आपण हुतात्मा म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण हुतात्मा हा शब्द वापरला की आपली जबाबदारी संपते, असे मला वाटत नाही. त्याने स्वतःचा हात हे एक हत्यार मानले. हत्यार झिजते, तसा तो झिजला. रोग्याच्या दाताची त्याने जितकी काळजी घेतली तितकी आपल्या बोटाची घेतली असती, तर त्या दाताचे काही बिघडले नसते. आपले शरीर हा व्यवसायाच्या जमाखर्चातील खर्च आहे, हे ज्या दिवशी वैद्य वहीत मांडावयास विसरतो, त्या दिवसापासून तो तोट्यात चालतो. तोटा ताबडतोब दिसत नाही, एवढेच.

आता स्त्रियांकडे वळू. कारण काम आणि घर यांच्या ओढाताणीत त्यांच्या वाट्याला काय आले, हे सांगितल्याखेरीज हा इतिहास पुरा होत नाही. दंतवैद्यकाची पदवी मिळविणारी अमेरिकेतील पहिली स्त्री ल्यूसी हॉब्ज. १८६६ साली ओहायोच्या महाविद्यालयातून ती उत्तीर्ण झाली. लग्न झाल्यावर तिने घरी बसण्याऐवजी नवऱ्यालाच दंतवैद्यक शिकविले! दोघांनी कॅन्ससमध्ये जोडीने दवाखाना चालविला. काम आणि संसार यांचा मेळ घालण्याची याहून गोड युक्ती मला आढळली नाही. १८८६ साली नवरा वारला आणि तिनेही बहुतेक काम थांबविले.

दुसरी कथा आपल्या मुंबईची आहे. फातिमा जिना यांचे नाव आपण राजकारणाच्या इतिहासात वाचतो. पण त्या दंतवैद्य होत्या. कलकत्त्यास जाऊन त्यांनी हे शिक्षण घेतले आणि १९२३ साली मुंबईत आपला दवाखाना थाटला. एका तरुण मुस्लिम स्त्रीने त्या काळी असा व्यवसाय करणे ही लहान गोष्ट नव्हती. सहा वर्षांनी, १९२९ साली, त्यांची भावजय रतनबाई वारली. भावाच्या घराला सांभाळणारे कोणी उरले नाही. फातिमाबाईंनी दवाखाना बंद केला आणि त्या भावाच्या घरी राहावयास गेल्या. पुढचे राजकारण आजच्या कक्षेतले नाही. मला एवढेच दिसते की घराला गरज पडली तेव्हा बंद झाला तो बहिणीचा दवाखाना. भावाची वकिली नव्हे. त्यांच्या मनाचा निर्णय त्यांचा त्यांना ठाऊक. पण ही कथा १९२९ सालची म्हणून जुनी झाली असे समजू नका. आज दंतवैद्यकाच्या वर्गांत मुली मोठ्या संख्येने बसलेल्या दिसतात. त्यांपैकी कितीजणींच्या दवाखान्याचे दार पाळणा हलल्यावर बंद होते, हे ज्याने त्याने आपल्या नात्यागोत्यांत पाहावे.

आता पुन्हा १९४८ या सालाकडे येऊ, यावेळी इंग्लंडात. ५ जुलै १९४८ रोजी तेथे राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. तपासणी फुकट, भरणे फुकट, कवळीही फुकट. पिढ्यान्पिढ्या कुजके दात घेऊन वावरणारा गरीब समाज दंतवैद्याच्या दारी लोटला. या योजनेआधी स्पेन्स समितीने दंतवैद्यांच्या मेहनतान्याचा विचार केला होता. त्या समितीने विचारलेला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो : खुर्चीशेजारी उभे राहून बारीक काम करणारा माणूस, हाताची अचूकता न गमावता, आठवड्याला किती तास काम करू शकतो? तिने उत्तर दिले, तेहेतीस तास, आणि वर्षातून सेहेचाळीस आठवडे. आपल्या कारखान्यांच्या कायद्यातील अठ्ठेचाळीस तास आणि हे तेहेतीस तास शेजारी ठेवून पाहा. समितीला वैद्यांचे लाड करावयाचे नव्हते. तिचे म्हणणे असे की त्यापुढे काम केले तर कामच बिघडेल. म्हणजे नुकसान रोग्याचे.

इतके शहाणपण कागदावर असताना प्रत्यक्षात काय झाले? मेहनताना ठरला तो नगावर. एक दात भरला की अमुक, एक काढला की तमुक. रोग्यांची रीघ लागलेली. तेव्हा वैद्य अधिक वेगाने आणि अधिक तास काम करू लागले. त्यांची मिळकत सरकारच्या अंदाजापलीकडे गेली. १९४९ पासून सरकारने दरांना कात्री लावली. दर कमी झाले तेव्हा तीच मिळकत राखण्यासाठी आणखी दात भरणे आले. वेग वाढवावा तर दर उतरतो, आणि दर उतरला की वेग वाढवावा लागतो! तेथील दंतवैद्य या प्रकाराला पायाने फिरवावयाचे चाक म्हणतात. आपण त्याला तेल्याचा घाणा म्हणू. बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी असतो.

खर्चाचा बोजा पेलेना म्हणून १९५१ साली कवळ्यांवर व चष्म्यांवर शुल्क बसले आणि त्या निषेधार्थ ही योजना उभारणाऱ्या अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. १९५२ साली उपचारांवरही शुल्क आले. २००६ साली करार बदलून कामाची निराळी मापे ठरविण्यात आली, तरी घाण्याची तक्रार संपली नाही. बोध असा की माणूस किती तास काम करतो हे त्याच्या निश्चयावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक त्याला पैसे कोणत्या मापाने मिळतात यावर असते.

आपल्या देशात या विद्येचे बीज रुजविले ते डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेतील आयोवा येथे शिकून ते परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यास दंतवैद्यकाचे महाविद्यालय काढले. त्यासाठी पैसा कोठून आणला? त्यांनी सोडा-सरबते व आइस्क्रीम यांचे दुकान चालविले आणि त्याच्या नफ्यातून महाविद्यालय पोसले. गोड खाऊ घालून दातांचे महाविद्यालय चालवावे, हा योग विधात्यालाही सुचला नसता! मुंबईत १९३३ साली नायर रुग्णालयाच्या जोडीने दंतमहाविद्यालय निघाले. १९४८ चा कायदा झाला, १९४९ साली परिषद आली, आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाच्या शाखा फुटल्या. कोणी मुळांचा तज्ज्ञ, कोणी हिरड्यांचा, कोणी जबड्याचा, कोणी मुलांच्या दातांचा.

या तज्ज्ञांच्या जीवनाची आपल्याकडील तऱ्हा मात्र परदेशाहून वेगळी आहे. अँगलकडे रोगी चालत येत. आपल्याकडे बहुधा तज्ज्ञच रोग्याकडे जातो. सोमवारी एका पेठेत, मंगळवारी उपनगरात, बुधवारी तालुक्याच्या गावी. खांद्यावर हत्यारांची पिशवी. सामान्य दंतवैद्य आपल्या दवाखान्यात दिवसभराचे रोगी पाहून घेतो आणि अवघड दाढा तज्ज्ञासाठी रात्रीच्या राखून ठेवतो. याचे फायदे आहेत : लहान गावच्या माणसालाही तज्ज्ञाचा हात मिळतो आणि खर्चही आवाक्यात राहतो. पण यात तज्ज्ञाचा दिवस त्याचा स्वतःचा राहत नाही. तो पाच दवाखान्यांच्या सोयीने कापला जातो आणि मधले तुकडे रस्त्यावर जातात. त्याचा मेहनताना नगावर. आजारी पडला तर रजा बिनपगारी. म्हणजे गिरणी कामगाराचा पगार नाही, सरकारी नोकराची रजा नाही आणि व्यापाऱ्याची गादीही नाही. मान, खांदे आणि कंबर यांचे दुखणे हा तर दंतवैद्यांचा जगभरचा सोबती आहे. १७०० साली इटलीत रामाझ्झिनी या वैद्याने निरनिराळ्या धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सांगितले की रोग्याला त्याचा धंदा काय ते विचारीत जा. दंतवैद्याला हा प्रश्न विचारणारे कोणी नसते. कारण प्रश्न विचारण्याची जागा त्याची, आणि आपले तोंड उघडे असले तरी बोलण्याच्या स्थितीत नसते.

मग यावर उपाय काय? इतिहास उपाय सांगत नाही. तो कुठे ठेच लागली ते दाखवितो. यंत्राने वाचविलेला वेळ जो ठरवून राखीत नाही, त्याचा तो उरत नाही. जो काम वाटून देत नाही, तो वाकतो. आपले शरीर जो हिशेबात धरीत नाही, तो केल्सच्या वाटेने जातो. घराचा भार एकट्या बाईवर टाकला की समाज एक वैद्य गमावतो. आणि मेहनतान्याचे माप चुकले की शहाण्या समितीचे तेहेतीस तास कागदावर राहतात. यांतील काही गोष्टी वैद्याच्या हाती आहेत, काही त्यांच्या संघटनांच्या, काही सरकारच्या.

पण काही आपल्याही हाती आहेत, आणि त्यांच्यासाठीच हा विषय मी नागरिकांपुढे आणला. दाढ तीन महिने कुरकुरत असता आपण जात नाही आणि ठणकली की रात्री साडेआठला दार ठोठावतो. चारची वेळ घेतो आणि सव्वापाचला पोहोचतो. त्या सव्वा तासाची भरपाई कोणीतरी आपल्या जेवणातून, कोणीतरी आपल्या लेकीच्या झोपेआधीच्या गोष्टीतून करीत असते. लोखंड्यांना गिरणीमालकांशी भांडावे लागले. या माणसांचा मालक एका अर्थी आपण रोगीच आहोत. तेव्हा त्यांचा रविवार देणे काही अंशी आपल्याकडे लागते.

माझ्या दाढेचे उरलेले काम पुढच्या गुरुवारी व्हावयाचे होते. मी फोन करून विचारले, सकाळची वेळ मिळेल का? मिळाली, अकराची. पावणेअकराला जाऊन बसलो. तरुण तज्ज्ञ आला, काम झाले, सव्वाबाराला मी उठलो. जाताना सहज विचारले, "आज डबा किती वाजता?" तो घड्याळाकडे पाहून हसला आणि म्हणाला, "आज वेळेवर."